पाण्यात प्राणवायू आहे. माशाला मिळतो का?

मित्रहो, सिव्हिलच्या पोराने माशाच्या रक्तावर लेख लिहायचा म्हणजे जरा अतिच झालं, असं तुम्हाला वाटेल. माझ्या रूम पार्टनरलाही तसंच वाटलं. "अरे, प्लेसमेंटवर लिही, मेसवर लिही, लोक वाचतील तरी," हा त्याचा सल्ला. पण मेसवर लिहिणारे दरवर्षी पाच-सहा जण असतातच आणि तरी भाजी काही बदललेली नाही. तेव्हा यंदा मासा.

आपल्यापैकी बहुतेकांनी बारावीला बायोलॉजी सोडली ती कायमचीच. कुणी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कुणी कॉम्प्युटर सायन्स, कुणी क्रॉप सायन्स. मार्क बरे मिळतात आणि झुरळाच्या आकृत्या काढाव्या लागत नाहीत, एवढं कारण पुरलं. त्यामुळे 'जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, आपलं काम गणिताचं' अशी एक समजूत घेऊनच आपण इंजिनिअरिंगला येतो. मग तिसऱ्या वर्षी एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला पाण्याची बाटली समोर येते. त्या पाण्यात काहीतरी जगत असतं, हे तेव्हाही आपल्या लक्षात येत नाही. आपल्याला दिसते ती फक्त निरीक्षणांची सारणी.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपण डीओचा आकडा एका रकान्यात लिहितो, पीएचचा दुसऱ्या. दोन्ही मर्यादेत बसले की खाली 'पाणी माशांसाठी योग्य' असं लिहून जर्नलवर सही घेतो. ही पद्धत अपुरी आहे. माशाच्या रक्तात हे दोन रकाने वेगळे राहत नाहीत. पाण्यात किती प्राणवायू आहे हे डीओ मीटर सांगतो. त्यातला किती माशाच्या रक्तात चढणार, हे ठरवण्यात आम्लतेचा मोठा वाटा असतो, आणि तो हिशेब आपल्या जर्नलमध्ये कुठेच नाही.

आता जरा सविस्तर.

आधी माशाची अडचण समजून घेऊ. आपण ज्या हवेत राहतो तिच्या एका लिटरमध्ये साधारण २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ गोड्या पाण्यात तो लिटरमागे ९ मिलिग्रॅम, आणि ३० अंशांना, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जेमतेम साडेसात. म्हणजे मासा आपल्या तुलनेत तीस-पस्तीस पट गरीब दुकानातून खरेदी करतो. त्यातही उन्हाळ्यात अडचण दुहेरी. दुकानातला माल कमी होतो आणि पाणी तापल्यामुळे माशाच्या शरीराची मागणी वाढते.

हा तुटपुंजा माल वाहून न्यायला रक्तात हिमोग्लोबिन असतं. हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार सीटची एसटी समजा. कल्ल्यांच्या डेपोत प्राणवायूचे चार प्रवासी बसतात आणि स्नायू, मेंदू, यकृत अशा स्टॉपवर उतरतात. चांगल्या एसटीचं लक्षण काय? डेपोत पटकन भरली पाहिजे आणि स्टॉपवर पटकन रिकामी झाली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, हे कुठल्याही इंजिनिअरच्या लगेच लक्षात येईल. प्रवाशाला घट्ट धरून ठेवणारी गाडी छान भरते, पण कुणाला उतरू देत नाही. सैल धरणारी गाडी छान उतरवते, पण भरतच नाही.

यावर निसर्गाने काढलेला तोडगा म्हणजे आम्लता. जिथे पेशी काम करतात तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात मिसळून आम्ल बनतं, आणि आम्ल वाढलं की हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. म्हणजे जिथे प्राणवायूची गरज जास्त, तिथे तो आपोआप जास्त सुटतो. कंडक्टर नाही, घंटी नाही. स्टॉपच सांगतो की इथे उतरा. हे १९०४ साली कोपनहेगनला ख्रिश्चन बोहर, कार्ल हासेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोघ या तिघांनी दाखवून दिलं. बोहर हे नाव ओळखीचं वाटतंय? बारावीच्या अणूच्या मॉडेलवाला नील्स बोहर हा याच ख्रिश्चन बोहरचा मुलगा. मुलाचं समीकरण आपण पाठ केलं, बापाचं नाव मात्र बायोलॉजीबरोबर सोडून दिलं!

बोहर परिणाम आपल्याही रक्तात आहे. माशांची गोष्ट मात्र पुढे जाते. १९३१ साली आर. डब्ल्यू. रूट या संशोधकाने समुद्री माशांच्या रक्तावरचं काम प्रसिद्ध केलं. (हा रूट म्हणजे स्क्वेअर रूट नव्हे, माणसाचं आडनाव आहे.) त्याला आढळलं ते असं : या माशांचं रक्त आम्लयुक्त केलं की पकड तर ढिली होतेच, शिवाय रक्ताची एकूण क्षमताच कमी होते. बाहेरून प्राणवायूचा दाब कितीही वाढवा, हिमोग्लोबिन पूर्ण भरतच नाही. आपल्या एसटीच्या भाषेत, बोहर परिणामात प्रवासी लवकर उतरतात. रूट परिणामात काही सीटच मिटून जातात. डेपोत गर्दी ढकलाढकली करत असली तरी त्या सीट उघडत नाहीत.

हे वाचून माझा पार्टनर म्हणाला, "मग हे डिझाइनच चुकलंय की!" त्याच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. जरा आंबट झालं की क्षमता गमावणारं रक्त कुणी मुद्दाम का बनवेल? पण मला वाटतं, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने थांबून बघावं अशी जागा हीच आहे.

पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या बोटीला २०२१ साली दीडशेहून जास्त घोळ मासे सापडले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये आले, ही बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली असेल. एवढी किंमत घोळीच्या मांसाला नसते. ती असते तिच्या पोटातल्या पिशवीला, जिला आपले कोळी बांधव भोत म्हणतात आणि पुस्तकात वाताशय म्हणतात. या पिशवीत वायू कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. न बुडता, न वर येता, ऊर्जा न घालवता.

आता प्रश्न असा की या पिशवीत वायू भरायचा कसा? पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. १००० मीटर खाली वाताशय फुगलेला ठेवायचा तर आतला दाब १०० वातावरणांच्या वर हवा. आणि खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात बहुतांश प्राणवायूच असतो. भोवतालच्या पाण्यात मात्र प्राणवायूचा आंशिक दाब एक पंचमांश वातावरणाच्या वर जात नाही. म्हणजे पाचशे पट दाबवाढ! मेकॅनिकलवाल्यांनो, हा कॉम्प्रेसर बनवा बघू. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, मोटर नाही आणि सगळं मऊ मांसाचं.

मासा हे काम आम्लाने करतो. वाताशयाच्या भिंतीत एक वायुग्रंथी असते. ती ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड बनवून रक्तात सोडते. रक्त आंबट होतं, रूट परिणामामुळे सीट मिटतात आणि प्रवाशांना उतरावंच लागतं. बाहेर दाब जास्त असला तरी उतरावं लागतं, हे महत्त्वाचं. नुसत्या बोहर परिणामाने हे जमलं नसतं. जास्त दाबाला ढिली पकडही शेवटी भरतेच.

पण एका फेरीत एवढा दाब चढत नाही. म्हणून ग्रंथीच्या आधी बारीक रक्तवाहिन्यांची एक जुडी असते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहिन्या एकमेकींना चिकटून, उलट दिशांनी. लॅटिनमध्ये तिला रेटे मिराबिले, म्हणजे अद्भुत जाळं, म्हणतात. हीट एक्स्चेंजरचा काउंटरफ्लो तुम्ही शिकलात ना? तोच. परतणाऱ्या रक्तातला प्राणवायू आणि आम्ल येणाऱ्या रक्तात परत ढकलले जातात, आणि प्रत्येक फेरीला दाब थोडा थोडा वाढत जातो. ईल माशाच्या रक्तावर मोजलेली आणखी एक गंमत : आम्ल मिळाल्यावर प्राणवायू सुटतो तो सेकंदाच्या छोट्याशा भागात, आणि आम्ल गेल्यावर परत बांधला जातो तो मात्र कित्येक सेकंदांनी. म्हणजे परतीच्या वाटेवर सुटलेला प्राणवायू पुन्हा पकडला जाण्याआधीच जाळ्यातून माघारी वळतो. टायमिंगसुद्धा जुळवलेलं!

डोळ्याचंही असंच. अनेक माशांच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्याच नसतात. त्या आड आल्या तर दिसायला अडथळा. मग त्या जाड पडद्याला प्राणवायू पोचवायचा कसा? डोळ्याच्या मागे तसंच एक जाळं असतं आणि तिथेही आम्लाने प्राणवायूचा दाब वाढवून तो आत ढकलला जातो. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मायकेल बेरेनब्रिंक आणि सहकाऱ्यांनी माशांच्या वंशावळीचा अभ्यास मांडला. त्यात असं दिसतं की आधी हिमोग्लोबिनमध्ये रूट परिणाम आला, मग डोळ्यातलं जाळं आलं, आणि वाताशयातलं जाळं त्याच्याही बऱ्याच नंतर, तेही वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे अनेकदा.

म्हणजे माझ्या पार्टनरला जो दोष वाटला, तो माशांनी कोट्यवधी वर्षं हत्यार म्हणून वापरला आहे. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तक्रार अशी की हे हत्यार कुठे चालतं, यावर सगळं अवलंबून आहे. आम्ल वाताशयात हवं, डोळ्यामागे हवं, स्नायूत थोडंसं हवं. कल्ल्यात नको. डेपोतच सीट मिटल्या तर गाडी रिकामीच निघेल.

माशाला हे माहीत आहे असं म्हटलं तर शास्त्राचे सर रागावतील, पण व्यवस्था तशी आहे खरी. ताण आला, धावपळ झाली की ट्राउटसारखे मासे रक्तात ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर तांबड्या पेशींच्या आवरणातले पंप आतले हायड्रोजन आयन बाहेर फेकतात आणि सोडियम आत घेतात. बाहेर रक्त आंबट झालं तरी पेशीच्या आत, जिथे हिमोग्लोबिन आहे तिथे, आम्लता आटोक्यात राहते. तीच पेशी स्नायूत गेली की तिथलं एक एन्झाइम, कार्बोनिक अनहायड्रेज, या पंपाचं काम निष्फळ करून टाकतं. आम्ल परत आत शिरतं आणि प्राणवायू सुटतो. कल्ल्यांतून वाहणाऱ्या रक्ताला हे एन्झाइम तसं भेटत नाही, म्हणून तिथे सीट उघड्या राहतात. २०१३ साली जोडी रमर आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या लाल स्नायूत प्राणवायू मोजणारा सूक्ष्म प्रोब बसवला. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर स्नायूतला प्राणवायूचा दाब ६५ टक्क्यांनी वाढला. एन्झाइम बंद पाडल्यावर ही वाढ नाहीशी झाली.

थोडक्यात काय, तर मासा आम्लतेच्या तारेवर चालतो. तोल साधला तर तो आपल्याहून हुशारीने प्राणवायू पोचवतो. तोल गेला तर पाण्यात प्राणवायू असूनही त्याच्या रक्तात तो चढत नाही.

आता तोल कसा जातो ते बघू, कारण इथे आपण, म्हणजे पाण्याचे भावी इंजिनिअर, चित्रात येतो.

आपल्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. पाण्यात श्वास घेणाऱ्या माशाच्या रक्तात तो २ ते ४ मिलिमीटर एवढाच. कारण तुटपुंज्या प्राणवायूसाठी माशाला कल्ल्यांवरून भरपूर पाणी काढावं लागतं आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून वाहून जातो. पण तो वाहून जाण्यासाठी बाहेरच्या पाण्यात तो रक्तापेक्षा कमी असायला हवा. बाहेर वाढला की आत वाढणारच. उताराशिवाय पाणी वाहत नाही, हे सिव्हिलवाल्याला कुणी सांगायला नको.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार ए ते ई असे पाच वर्ग केले आहेत. त्यातला डी वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठी. त्याचे प्राथमिक निकष तीन : पीएच ६.५ ते ८.५, डीओ लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. व्हायवाला विचारतात, पाठ करून ठेवा.

आता एक गणित करा. समजा पाण्याची अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि तापमान २५ अंश. कार्बोनिक आम्लाचा पहिला पीके ६.३५ धरा. पीएच ८.५ असेल तर मुक्त कार्बन डायऑक्साइड येतो लिटरला साधारण ०.६ मिलिग्रॅम. पीएच ७.५ ला सुमारे ६. पीएच ६.८ ला सुमारे ३१. आणि पीएच ६.५ ला सुमारे ६२ मिलिग्रॅम. चारही पाणी पीएचच्या निकषात पास! डीओ चौघांचाही ४.५ असेल तर तोही पास. पण पहिल्या आणि शेवटच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा फरक शंभर पट आहे. लिटरला ३१ मिलिग्रॅम म्हणजे पाऱ्याच्या साधारण १६ मिलिमीटर दाबाएवढा. माशाच्या रक्तात नेहमी असतो त्याच्या चौपट ते आठपट, आणि तोही बाहेरच्या पाण्यात. आतला याहून जास्तच असणार. माशाला हे चौघे एकसारखे आहेत असं म्हणणं म्हणजे सेकंड क्लास आणि डिस्टिंक्शन दोघांनाही नुसतं 'पास' लिहून घरी पाठवण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढला तर मासे काही तासांत, दिवसांत रक्तातलं बायकार्बोनेट वाढवून बऱ्यापैकी जुळवून घेतात. अचानक वाढला, पाणी गरम असलं आणि प्राणवायूही कडेला आला असला, की गोष्ट बिघडते. शिवाय कारखान्याचं तीव्र आम्ल पाण्यात आलं तर मासे प्रामुख्याने वेगळ्याच कारणाने मरतात; कल्ल्यांतून अंगातले क्षार निघून जातात. तेव्हा मासा मेला की 'रूट परिणाम!' म्हणून ओरडायचं, असं मी म्हणत नाही.

पण ज्यांचा माशांशी रोजचा संबंध आहे त्यांना एकाच आकड्यावर विसंबून चालत नाही, हे बघा. मत्स्यबीज लांबवर नेताना प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर भरपूर ऑक्सिजन भरतात. ऑक्सिजन एवढा दिलाय तर बोटुकल्यांना आधी उपाशी का ठेवतात? कारण पिशवी बंद असते. आतला प्राणवायू शिल्लक असतानाच कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया साठत जातात आणि प्रवास किती तास चालेल ते त्यांच्यावर ठरतं. तळ्यात मासे पाळणारा शेतकरीही पहाटे तळ्यावर चक्कर मारतो, दुपारी नाही. रात्रभर शेवाळं आणि मासे दोघेही श्वास घेतात, प्रकाशसंश्लेषण बंद असतं. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त, दोन्ही एकाच वेळी. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ती तेव्हा.

आणि आपण सॅम्पल कधी घेतो? लॅब उघडल्यावर, चहा झाल्यावर, साडेअकरा-बाराला. तेव्हा ऊन चढलेलं असतं, शेवाळ्याने पाण्यात प्राणवायू ओतलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच वर नेलेला असतो. तळ्याचा सगळ्यांत चांगला तास निवडून आपण त्याची परीक्षा घेतो.

मागच्या उन्हाळ्यात कॅम्पसवरच्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगले, ते हॉस्टेलच्या सगळ्यांनी पाहिलं आणि दोन दिवस वासही घेतला. नंतर पाण्याचा रिपोर्ट नोटीस बोर्डवर लागला. डीओ मर्यादेत, पीएच मर्यादेत. सॅम्पलची वेळ लिहिलेली नव्हती. अल्कलिनिटी नव्हती. मुक्त कार्बन डायऑक्साइड नव्हता. ते मासे कशाने मेले मला माहीत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. त्या रिपोर्टवरून ते कुणालाच कळलं नसतं. 'मर्यादेत' हा शब्द वाचून सगळ्यांचं समाधान झालं आणि प्रश्न मिटला. मासे तेवढे मेलेले होते.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा : "अरे, हे निकष कायद्यासाठी असतात, सगळ्यांना सोपे पडावेत म्हणून. त्यात माशाचं शरीरशास्त्र कुठे आणतोस?" मान्य. निकष सोपेच हवेत. पण निकष ही किमान पायरी असते, समजून घेणं तिथे संपत नाही. आयएस कोडमधला किमान कव्हर दिला म्हणून स्लॅब गळणार नाही असं कुठलेच सर म्हणत नाहीत. मग पाण्याच्या बाबतीत आपण तसं का म्हणतो?

दुसरा आक्षेप : "सिलॅबस आधीच भरलेला आहे." हाही मान्य. म्हणून मी नवा विषय मागत नाही, नवं यंत्रही मागत नाही. विंकलरने १८८८ साली दिलेली डीओची पद्धत आपण आजही करतो. मँगनीज सल्फेट घाला, अल्कली आयोडाइड घाला, आम्ल घाला, थायोसल्फेटने टायट्रेट करा आणि निळा रंग गेला की थांबा. त्याच टेबलावर, त्याच ब्युरेटने मुक्त कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० मिलिलिटर पाणी, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब आणि ०.०२२७ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा. जितके मिलिलिटर लागले त्याच्या दहापट मिलिग्रॅम प्रति लिटर. पाच मिनिटांचं काम आहे. एकच अट, सॅम्पल हलवू नका आणि तळ्याच्या काठावरच टायट्रेशन करा, कारण बाटली लॅबपर्यंत येईस्तोवर वायू उडून जातो.

तेव्हा डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती एवढीच आहे, की यंदाच्या जर्नलच्या सारणीत चार रकाने वाढवावेत : सॅम्पलची वेळ, तापमान, अल्कलिनिटी आणि मुक्त कार्बन डायऑक्साइड. आणि निदान एक सॅम्पल पहाटे पाचचं असावं. पहाटे कोण उठणार, असा प्रश्न विचारू नका. सबमिशनच्या आठवड्यात पहाटे पाचला अर्धं हॉस्टेल जागंच असतं; त्यातल्या दोघांना बाटली घेऊन पाठवता येईल. मी जायला तयार आहे.

आणि मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणं. बायोलॉजीला हसणं आता पुरे. ज्या काउंटरफ्लोवर आपण गुणांसाठी डेरिव्हेशन लिहितो, त्याच्या जोरावर खोल समुद्रातले मासे शंभर वातावरणांचा दाब चढवतात. ज्या पीएचला आपण एका रकान्यात कोंबतो, त्यावर त्यांचा श्वास चालतो. उद्या आपल्यापैकी कुणीतरी सांडपाणी प्रकल्पावर असेल, कुणी नगरपालिकेत, कुणी मंडळात. तिथे आपल्या सहीखाली पाणी नदीत सोडलं जाईल. त्या सहीच्या वर 'डीओ मर्यादेत' असं लिहिलेलं असेल तेव्हा एवढं तरी विचारा : कितीला घेतलं सॅम्पल? आणि कार्बन डायऑक्साइड किती होता?

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी